जुन्या शिकारी रायफलीचे मोल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बंदुकीच्या दुकानातल्या लोखंडी जाळीआड किंवा एखाद्या जुन्या वाड्याच्या माडीवर विलायती शिकारी रायफल दिसली, की पाहणारा दोन प्रश्न हमखास विचारतो. ही किती सालची? आणि आज हिचे किती येतील? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्यांच्याआधी तिसरा एक प्रश्न विचारावा लागतो आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. हिच्यात कोणते काडतूस चालते? 'बसते' असे मी मुद्दामच म्हटले नाही. बसणे वेगळे, चालणे वेगळे, आणि या दोहोंमधल्या फरकापायी माणसाचा हात किंवा डोळा जाऊ शकतो. त्याकडे मी पुढे येणारच आहे.

आपल्या देशात जुन्या रायफलीचा बाजार थोडा निराळा आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी बंदूक मागवता येत नाही. नामांकित नेमबाजांना तेवढी सवलत आहे. त्यामुळे त्याआधी जो विलायती माल देशात आला, तोच या हातातून त्या हातात फिरतो आहे. शिकार तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपल्यातच जमा झाली. म्हणजे ज्या कामासाठी ही हत्यारे घडवली ते काम उरलेले नाही, नवा माल येत नाही, आणि जुना दरवर्षी थोडाथोडा गंजतो आहे. अशा मालाची किंमत ठरवणे सोपे नाही.

आधी कायद्याचे बोलून घेऊ, कारण तिथे पाय घसरला तर बाकीचे ज्ञान कोठडीत बसून उगाळावे लागेल. बंदूक आधी आणि परवाना मागून, असे चालत नाही. १९५९च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना हातात हवा, आणि त्या परवान्यावर त्या जातीच्या हत्याराची नोंद करून घेता आली पाहिजे. एका परवानाधारकाकडून दुसऱ्याने थेट विकत घेण्यास कायद्याची आडकाठी नाही. मात्र विकणाऱ्याने आपला इरादा आणि घेणाऱ्याची ओळख जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला किमान ४५ दिवस आधी लेखी कळवावी लागते. पूर्वी एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत. २०१९च्या दुरुस्तीने ती संख्या दोनवर आली आणि तिसरी वर्षभरात जमा करावी लागली. घराघरांतून कितीतरी जुनी हत्यारे तेव्हा बाहेर पडली. घरात तीन असताना लोक कोणती सोडतील? जिची काडतुसे मिळत नाहीत ती. आणि नेमकी तीच बहुधा सर्वांत जुनी असते.

दुसरी गोष्ट बोअरची. लष्कराच्या काडतुसावर चालणारी हत्यारे 'प्रतिबंधित बोअर'मध्ये मोडतात. आपल्याला सिनेमातून ठाऊक असलेली थ्री-नॉट-थ्री त्यांतलीच. ती सामान्य परवान्यावर मिळत नाही. यामागचा इतिहास मोठा गमतीदार आहे आणि किंमत ठरवताना कामालाही येतो.

सरकारी काडतुसे चोरून सरकारवरच झाडली जातील, ही धास्ती १८५७नंतर इंग्रजांच्या मनातून कधी गेलीच नाही. सरहद्दीवरच्या टोळ्यांच्या हाती मार्टिनी-हेन्री रायफली पडल्या होत्या, त्यांची गोळी .४५० मापाची. म्हणून १९०५ ते १९०७च्या सुमारास हिंदुस्थान आणि सुदान या दोन्ही ठिकाणी .४५० मापावर बंदी आली. आता पंचाईत अशी, की वाघ आणि गव्याच्या शिकारीसाठी साहेबलोक आणि संस्थानिक वापरीत, त्या भारी दुनळी रायफली याच मापाच्या होत्या. मग विलायतेतल्या कारागिरांनी बंदीला वळसा घातला. कोणी .४७० काढली, हॉलंड अँड हॉलंडने .४६५ काढली, कोणी .४७५ काढली. काम तेच, जनावर तेच, फक्त माप एवढे वेगळे की सरकारी गोळी त्यात चालू नये. म्हणजे हिंदुस्थानातल्या एका सरकारी हुकुमामुळे लंडन-बर्मिंगहॅमच्या कारखान्यांची मापे बदलली. आज एखाद्या दुनळीवर .४७० असे कोरलेले दिसले, तर ती या बंदीआधीची असूच शकत नाही. साल ओळखण्याची ही पहिली युक्ती.

हीच युक्ती इतरत्रही लागू पडते. काडतूस जन्मण्याआधी त्याची रायफल जन्मत नाही. .३०-०६ हे अमेरिकन काडतूस १९०६चे, .४१६ रिग्बी १९११चे, .३७५ मॅग्नम १९१२चे. 'आमच्या पणजोबांनी १८९० साली घेतलेली .३७५ मॅग्नम' असे कोणी अभिमानाने सांगू लागले, तर वाद घालू नये. पण पैसेही मोजू नयेत.

आपल्याकडे शेतकऱ्यांच्या आणि पहारेकऱ्यांच्या खांद्यावर दिसणारी .३१५ हीसुद्धा त्याच धास्तीची संतती. ठेवण ली-एनफिल्डची, म्हणजे थ्री-नॉट-थ्रीच्या घराण्यातली. काडतूस मात्र ऑस्ट्रियन लष्कराचे ८ मिलिमीटर मॅनलिकर. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने अशा रायफली हिंदुस्थानसाठी केल्या आणि स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारी कारखान्यांनी तोच नमुना पुढे चालवला. तिच्या काडतुसाच्या बुडाशी 'के. एफ.' अशी अक्षरे असतात. ती पुण्याजवळच्या खडकीची, जुन्या 'किर्की फॅक्टरी'ची खूण. गुन्ह्यांच्या बातम्यांतही ही अक्षरे अधूनमधून वाचायला मिळतात. सरकारी .३१५ जुनी असली तरी दुर्मीळ नाही. ती हत्यार म्हणून विकत घ्यावी, वस्तुसंग्रह म्हणून नव्हे.

आता नळीवरच्या नावाकडे येऊ. नव्वद टक्के लोक नाव वाचून थांबतात आणि फसतात ते इथेच. 'मँटन अँड कंपनी, कलकत्ता', 'आर. बी. रॉडा अँड कंपनी, कलकत्ता', 'लायन अँड लायन, कलकत्ता' अशी नावे आपल्याकडच्या जुन्या बंदुकांवर नेहमी आढळतात. हे प्रामुख्याने दुकानदार. माल बहुतेक बर्मिंगहॅमला, लहानमोठ्या कारखान्यांत घडायचा आणि त्यावर नाव इथल्या दुकानाचे घातले जायचे. त्यात खोटेपणा काही नव्हता, तो त्या काळचा रीतसर व्यापार होता. (यांतल्या रॉडा कंपनीचे नाव आपल्या स्वातंत्र्याच्या इतिहासातही आहे. २६ ऑगस्ट १९१४ला बंगालच्या क्रांतिकारकांनी त्यांच्या मालातून ५० माउझर पिस्तुले आणि ४६ हजार काडतुसे लांबवली होती.) तेव्हा दुकानाच्या नावावरून दर्जा ठरवू नये. एका दुकानाच्या नावाखाली साधी बंदूकही मिळे आणि अव्वल दर्जाचीही. दर्जा पाहायचा तो कामात. दुनळीचा चापयंत्राचा भाग पेटीसारखा एकसंध आहे की दोन्ही बाजूंना सुट्या पट्ट्यांवर बसवला आहे. रिकामी काडतुसे आपोआप बाहेर फेकली जातात की नुसती वर उचलली जातात. लाकूड आणि लोखंड जिथे मिळतात तिथे नख शिरते का. ही शेवटची परीक्षा साधी आहे आणि तिला शिफारस लागत नाही.

उलट बाजूने, नाव मोठे आणि काम खोटे असेही असते. वायव्य सरहद्दीवर दर्रा आदमखेल नावाचे गाव आहे, आज पाकिस्तानात. तिथले लोहार कोणत्याही विलायती बंदुकीची हुबेहूब नक्कल करण्याबद्दल प्रसिद्ध आहेत. कानशीने आणि हातभात्यावर ही कामे झालेली आहेत. कारागिरी थक्क करणारी, पण पोलाद कोणते वापरले ते त्यांनाच माहीत. अशी नक्कल बहुधा अक्षरांवरून उघडी पडते. इंग्रजी न येणाऱ्या हाताने अक्षरे चित्रासारखी उतरवलेली असतात, त्यामुळे स्पेलिंग चुकते किंवा एखादे अक्षर उलटे पडते.

खरी कुंडली नावापेक्षा नळीच्या पोटाखाली असते. इंग्लंडात लंडन आणि बर्मिंगहॅम येथे दोन प्रूफ हाउसे आहेत. कायद्याने तिथली प्रत्येक बंदूक विक्रीपूर्वी या दोहोंपैकी एका ठिकाणी जाते. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून तिचा बार काढतात आणि ती टिकली तर तिच्यावर शिक्के मारतात. मुकुटाखाली 'एनपी' अशी अक्षरे असली, तर ती नायट्रो प्रूफची, म्हणजे बिनधुराच्या दारूवर तपासल्याची खूण. भारी दुनळीवर याखेरीज 'कॉर्डाइट ७५-४८० मॅक्स' अशासारखा मजकूर सापडतो. त्याचा अर्थ, ७५ ग्रेन कॉर्डाइट आणि ४८० ग्रेनची गोळी, यापेक्षा जास्त नको. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. आपल्या सोनाराची गुंज त्याच्या जवळपास दुप्पट. हा मजकूर वाचायला दुनळी उघडून नळ्या वेगळ्या कराव्या लागतात. जो विक्रेता ते करू देत नाही, त्याच्याकडे चहा प्यावा आणि उठावे.

मघाशी चालणे आणि बसणे म्हटले, त्याचे कारण आता सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिकारी रायफली काळ्या, धुराच्या दारूवर चालत. त्यांतली .५०० एक्स्प्रेस, तीन इंची काडतुसाची, हिंदुस्थानात अतिशय लोकप्रिय होती. पुढे कॉर्डाइट आले. कारखानदारांनी काय केले, तर त्याच मापाच्या, त्याच लांबीच्या काडतुसात कॉर्डाइट भरून .५०० नायट्रो एक्स्प्रेस काढली: ५७० ग्रेनची गोळी, ८० ग्रेन कॉर्डाइट. बाहेरून पाहिले तर दोन्ही काडतुसे सारखी. नवे काडतूस जुन्या रायफलीत अगदी सहज सरकते. पण आतला दाब जुन्या नळीला झेपणारा नाही. मधला एक मार्गही त्या काळी निघाला होता, बेताचे कॉर्डाइट भरलेली काडतुसे, खास जुन्या रायफलींसाठी. म्हणजे एकाच भोकात बसणारी तीन काडतुसे. एक मवाळ, एक मध्यम आणि एक जीवघेणे.

विदर्भातल्या एका गावी मला अशीच एक दुनळी पाहायला बोलावले होते. घरातले आजोबा गेलेले, परवाना नातवाच्या नावे झालेला. पत्र्याच्या डब्यात कायनॉक कंपनीची जुनी पुडकी जपून ठेवलेली होती आणि दिवाळीत दोन बार काढून पाहायचे, असा नातवाचा बेत होता. आजीबाई म्हणाल्या, ''यांच्या हयातीत कधी वाजली नाही. आता वाजली की कळेल तरी, चालू आहे का ते.'' पुडक्यावर ५७०चा आकडा होता. नळीखाली नायट्रोचा शिक्का नव्हता. सुदैवाने रायफलीची मूळ पेटी घरात होती, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला कारखान्याची चिठ्ठी अर्धी वाळवीने खाल्लेली असली तरी दारूच्या मापाची ओळ शाबूत होती. काळी दारू, असे त्यात स्वच्छ लिहिलेले. ती काडतुसे आजोबांच्या दुसऱ्या एका रायफलीची असणार, जी केव्हाच विकली गेली होती. मी नातवाला दोन्ही आकडे एकाशेजारी एक कागदावर मांडून दाखवले. पुडकी रीतसर जमा झाली. आणि हेही सांगायला हवे, की त्या अर्ध्या चिठ्ठीने आणि त्या ओकच्या पेटीने रायफलीची किंमत चांगलीच वाढवली. मूळ पेटी, साफ करायची काठी, तेलाची बाटली, खरेदीची पावती असले किडूकमिडूक घरातले लोक अडगळ म्हणून फेकतात. ते फेकू नये.

माप नळीवर कोरलेले नसेल किंवा त्याबद्दल शंका असेल, तर अंदाजावर राहू नये. सेरोसेफ नावाचा एक मिश्रधातू मिळतो. तो ७०-८० अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणजे उकळत्या पाण्यात भांडे ठेवूनही काम होते. तो काडतुसाच्या घरात ओततात, थंड झाला की बाहेर काढतात आणि त्या साच्याची मापे घेतात. हे काम जाणत्या बंदूकसाजाकडूनच करून घ्यावे. आठ मिलिमीटर म्हणवणाऱ्या रायफलींच्या बाबतीत तर हे हवेच. आपली .३१५ही आठ मिलिमीटर आणि जर्मन माउझरही आठ मिलिमीटर, पण काडतुसे संपूर्ण वेगळी. आणि जर्मन माउझरमध्येही पोटभेद आहे: आधीची गोळी ८.०७ मिलिमीटरच्या आसपास, १९०५नंतरची ८.२०च्या आसपास. जाड गोळी बारीक नळीतून दामटली तर काय होईल, ते सांगायला नको.

नळीच्या आत बघताना लोक उजेडाकडे धरून चकाकते की नाही एवढे पाहतात. चकाकी फसवी असते. बारीक वाळूच्या कागदाने तीही आणता येते. पाहायचे ते आटे. काठ धारदार आहेत की गोटीसारखे गुळगुळीत झाले आहेत? काडतुसाच्या घराच्या लगेच पुढे नळी झिजली आहे का? तिथे गरम वायूचा पहिला मारा बसतो. बारीक खड्डे आहेत का? आपल्याकडच्या जुन्या नळ्यांत खड्डे फार, आणि दोष सगळा पावसाळ्याचा नाही. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार झाल्यावर त्याचे मीठ नळीत उरते, अगदी स्वयंपाकघरातल्या मिठाच्या नात्यातले. ते हवेतले पाणी ओढते. नुसते तेल फिरवून ते जात नाही, कारण मीठ तेलात विरघळत नाही. जुने शिकारी संध्याकाळी मुक्कामावर आले, की आधी नळीतून कढत पाणी ओतीत आणि मग तेल देत. ज्याच्या घरी ही शिस्त होती, त्याची १९१२ची नळी आजही आरशासारखी असते. ज्याच्या घरी नव्हती, त्याची १९६०ची चाळण झालेली असते. वयापेक्षा मालक महत्त्वाचा.

दुनळी रायफलीत आणखी एक नाजूक गोष्ट आहे आणि मला वाटते, या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट तीच. दोन नळ्या शेजारी शेजारी अगदी समांतर जोडल्या, तर दोन गोळ्या एका जागी पडत नाहीत. उजवी नळी उडताना धक्क्याने रायफल उजवीकडे उसळते, डावी डावीकडे. म्हणून नळ्या तोंडाशी किंचित जवळ आणतात. किती? ते गणिताने ठरत नाही. कारागीर नळ्यांच्या मध्ये लहानशी पाचर घालतो, डाग देतो, मैदानावर जाऊन बार काढतो, भोके पाहतो, डाग वितळवून पाचर केसभर सरकवतो, पुन्हा बार काढतो. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या ठरावीक अंतरावर एकत्र पडेपर्यंत हे चालते. या कामासाठी कारखान्यांत वेगळी माणसे असत. आणि हा सगळा मेळ एका ठरावीक काडतुसाशी जमवलेला असतो. गोळी किंवा दारू बदलली की मेळ मोडला. म्हणून अशा दुनळीच्या नळ्या कोणी गंजल्या म्हणून सुट्या करून पुन्हा जोडल्या असतील, किंवा तोंडाशी दोन इंच कापल्या असतील, तर ती दिसायला दुनळी उरते, रायफल म्हणून मोडीत निघते. नळ्यांमधल्या पट्टीच्या कडेला ताज्या डागाची रेघ दिसते का, ते भिंगाने पाहावे.

लाकूड बहुधा अक्रोडाचे. दस्ता जिथे मनगटासारखा बारीक होतो तिथे चीर शोधावी. पोलादी पट्टी मागे घुसते त्या जागी ती हमखास पडते. काही ठिकाणी मूळ दस्ता मोडल्यावर गावच्या सुताराने सागाचा बसवलेला असतो. साग उत्तम, पण किंमत अर्धी. आणि रंगरंगोटीबद्दल हात जोडून सांगतो: जुन्या रायफलीला नवी करू नका. घासून-पुसून नवा निळा मुलामा दिला, की कोरीव काम पुसट होते, कडा गोल होतात, स्क्रूंच्या खाचा फाटतात. संग्राहक आधी स्क्रूच पाहतो. शंभर वर्षांच्या हाताळणीने आलेला तपकिरी झाक असलेला पोत हा दोष नव्हे, ते वय आहे. नीट तेल देऊन ठेवलेली कळकट रायफल चकचकीत करून आणलेल्या रायफलीपेक्षा कितीतरी जास्त पैसे मिळवते.

याहून मोठी भर घालते ती तिची पूर्वपीठिका, म्हणजे ती कोणी, कधी, कशासाठी घेतली याचा पुरावा. पुरावा म्हणतो आहे, कथा नव्हे. 'ही अमक्या महाराजांनी भेट दिली' ही कथा बहुतेक जुन्या बंदुकांना चिकटलेली असते. लंडनच्या रिग्बी आणि हॉलंड अँड हॉलंड, तसेच बर्मिंगहॅमची वेस्टली रिचर्ड्स यांच्याकडे जुन्या विक्रीच्या वह्या आहेत. रायफलीचा क्रमांक कळवला, की शुल्क घेऊन ते मूळ खरेदीदार, तारीख आणि माप कळवतात. अमेरिकन विंचेस्टर असेल, तर वायोमिंग राज्यातल्या कोडी येथील संग्रहालय काही क्रमांकांपुरती अशीच माहिती देते. वहीतले माप आणि हातातल्या रायफलीचे माप जुळले नाही, तर मध्ये कोणीतरी नळी बदलली आहे.

कोरलेला मजकूर कसा वाचावा, याचे सर्वांत चांगले उदाहरण जिम कॉर्बेटची .२७५ रिग्बी. ही माउझर बनावटीची हलकी एकनळी रायफल. तिच्या दस्त्यावर चांदीची पट्टी आहे. संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ साली मारल्याबद्दल ती भेट दिली, असा तिचा मजकूर आहे. लोक ही पट्टी पाहून म्हणतात, चंपावतची वाघीण मारली ती हीच रायफल! पट्टी तसे म्हणत नाही. मारल्याबद्दल भेट दिली, म्हणजे मारली तेव्हा ही त्याच्याकडे नव्हती. ४३६ बळींची ती वाघीण कॉर्बेटने .५०० मापाच्या, बेताचे कॉर्डाइट भरलेल्या रायफलीने जखमी केली. बरोबर आणलेली तीन काडतुसे संपल्यावर त्याने धावत जाऊन तहसीलदाराची बंदूक घेतली, जिची नळी आणि बैठक यांच्यात फट होती, आणि शेवटचा बार त्या धोकादायक बंदुकीने काढला. मघाशी सांगितलेला .५००चा मधला मार्ग आणि सैल झालेल्या बंदुकीचा धोका, दोन्ही या एका प्रसंगात आले. ती रिग्बी मात्र पुढे अनेक वर्षे त्याच्या हातात राहिली. नंतर ती त्याच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे गेली, तिथून पुन्हा रिग्बी कंपनीकडे, आणि २०१६मध्ये ती काही दिवसांसाठी भारतात आणली होती. पट्टी नसती आणि वही नसती, तर ती शेकडो .२७५ रिग्बींपैकी एक ठरली असती.

मग आकडा किती? दुर्दैवाने इथे आपला बाजार उफराटा आहे. बंदूकविक्रेत्याकडे सर्वांत जास्त मागणी असते ती ज्यांची काडतुसे सहज मिळतात अशा रायफलींना, .२२, .३१५, .३०-०६. आयातबंदीमुळे साध्या विलायती .२२लाही आपल्याकडे परदेशाच्या कित्येक पट भाव येतो. अमेरिकेत १९६४पूर्वीची विंचेस्टर मॉडेल ७०, म्हणजे कारखान्याने खर्च वाचवण्यासाठी घडण बदलण्याआधीची, साध्या .३०-०६ मापात साधारण हजार-दीड हजार डॉलरच्या घरात जाते. क्वचित आढळणाऱ्या मापात तीच अनेक पटींनी महाग होते. आपल्याकडे क्वचित आढळणारे माप म्हणजे काडतूस मिळत नाही, म्हणून भाव पडतो. केनेथ अँडरसनने वापरली तसली .४०५ विंचेस्टर किंवा .४२३ माउझर घेऊन दुकानात गेलात, तर दुकानदार आधी मान हलवेल. लंडनच्या लिलावात जिच्यासाठी चढाओढ लागेल, अशी .४६५ दुनळी इथे एखाद्या मोटारसायकलच्या किमतीतही मागितली जाते.

'मग बाहेर पाठवू' हा विचार करणाऱ्यांनी थांबावे. शस्त्राच्या निर्यातीला परवानगी लागते ती लागतेच. शिवाय शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक मोलाची वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली देशाबाहेर नेता येत नाही. १९२०ची रायफल आता त्या वयाला आलेली आहे. 'जुनी आहे म्हणून परवाना नको' हाही एक लोकप्रिय गैरसमज. अमेरिकेत १८९८पर्यंतच्या बंदुका प्राचीन मानून सोडल्या आहेत, इंग्लंडात कालबाह्य मापांची यादी आहे. आपल्या कायद्याची सूट फक्त अशा जुन्या हत्याराला, जे दुरुस्त करूनही झाडता येणार नाही. माडीवरची दुनळी त्यात बसत नाही. रायफलीबरोबर वाघाचे कातडे किंवा सांबराचे शिंग 'असेच देतो' असे कोणी म्हणाले, तर ते मुळीच घेऊ नका; त्याची देवघेव हा स्वतंत्र आणि गंभीर गुन्हा आहे. उत्तम दुनळ्या आणि ट्रॉफ्या पाहायच्याच असतील, तर कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधले संग्रहालय पाहावे.

घरातल्या रायफलीचा मालक वारला, तर परवानाही त्याच्याबरोबर संपतो आणि ती घरात ठेवणे बेकायदा होते. शोकाच्या दिवसांत हे कोणाच्या लक्षात येत नाही. ती विनाविलंब जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, मग वारसाने परवान्यासाठी अर्ज करावा. २०१६च्या नियमांनुसार परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा पंचवीस वर्षे शस्त्र बाळगून झाली, की त्याच्या हयातीतही वारसाच्या नावे अर्ज करता येतो. ज्यांच्या घरी वडीलधारे आहेत त्यांनी ते आधीच करून घेतलेले बरे. जमा करताना, मग ते वारसासाठी असो की निवडणुकीच्या काळात, नळीत आणि बाहेरून तेलाचा पातळ हात द्यावा, चामड्याच्या म्यानात ठेवू नये कारण चामडे ओल धरते, साध्या सुती कापडात गुंडाळावे. पावतीवर माप, क्रमांक आणि कारखान्याचे नाव लिहून घ्यावे. नुसते 'एक नग रायफल' असे लिहिलेली पावती घेऊन घरी येऊ नये.